ओढणारा की थोपणारा?

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. एवढ्या रात्री दवनीवाड्यात फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. बघतो तर धाकटा भाऊ. तो आणि आमची धाकटी सून सध्या (म्हणजे भावाची बायको, पण आईने तिला कायम असंच म्हटलं म्हणून आम्हीही) मुलाकडे अमेरिकेत, कोलोराडोमध्ये. तिकडे दुपार होती, त्यामुळे महाराज निवांत.

"भाऊ, पोरगा आयकत नाही. घर घेऊन राह्यला."

"मग चांगलंच आहे की."

"अजी, तसलं घर नाही. चाकावरचं. गाडीच्या मागं बांधाचं."

मग हळूहळू उलगडा झाला. आमच्या पुतण्याला 'ट्रॅव्हल ट्रेलर' घ्यायचाय. चोवीस फूट लांब, आत पलंग, ओटा, संडास, फ्रिज, सगळं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडील, बायको, दोन पोरं सगळ्यांना घेऊन पहाडात फिरायचं. ओढायला वेगळी गाडी घ्यायची गरज नाही, दारात आहे तीच एसयूव्ही पुरेल असं विकणारा म्हणतो. गाडीची ओढायची क्षमता ५००० पौंड, म्हणजे २२६८ किलो. ट्रेलर कागदावर २१५० किलो. बसतंय की गणितात!

"मग तुला काय खटकतंय?" मी विचारलं.

भाऊ जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तिकडचे रस्ते लय उतरते आहेत. मले आपल्या नदीचा घाट आठवला."

त्यानंतर मला झोप आली नाही. सकाळी उठून नदीकडे चक्कर मारून आलो आणि लिहायला बसलो. ओढणारं जनावर कसं निवडावं याचा इतिहास मी लिहिणार आहे, हसू नका. त्यातला एक तुकडा आमच्या घरचा आहे, आणि तो नातेवाईक मंडळींनी वाचावा अशी इच्छा आहे.

नदी म्हणजे वैनगंगा. आमच्या जिल्ह्याची उत्तरेकडची शीव. पलीकडे बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. आज ती दोन राज्यांमधली सीमा आहे, पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अलीकडचं आणि पलीकडचं एकच राज्य होतं. त्या दिवशी आमचा तेव्हाचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला. कागद बदलले, सोयरिकी बदलल्या नाहीत. आमच्या घरात निम्म्या सुना पलीकडच्या आणि निम्म्या मुली पलीकडे दिलेल्या. त्यामुळे लग्नसराईत, नदी आटली की, वाळूतून गाड्या जायच्या. पलीकडे चढ, अलीकडे उतार, आणि परत येताना उलटं. आमच्या लहानपणी प्रवासाची सगळी अक्कल या घाटावर तपासली जायची.

गाड्यांचे प्रकार होते. धान, तणस, शेणखत वाहायला खासर. माणसं न्यायला रेंगी, हलकी, बांबूची, चार-पाच जणांची. वर तट्ट्या टाकून सावली केलेली दमणी. आजकालच्या पोरांना सगळ्या 'बैलगाड्या', पण आजोबांना कोणी रेंगीला बैलगाडी म्हटलं असतं तर आपण मोटारसायकलला ट्रक म्हटल्यावर जे होईल ते झालं असतं.

जशी गाडी तसा बैल. खासरला जड, संथ, रुंद छातीची जोडी. रेंगीला चपळ, गवळाऊ जातीची. गवळाऊ म्हणजे वर्धा-नागपूरपासून बालाघाट-शिवनीपर्यंतच्या पट्ट्यातली पांढरी, लांब तोंडाची, पळण्यात पटाईत जात. मराठ्यांच्या फौजांचं सामान झटपट हलवायला ही जनावरं वापरत असं म्हणतात. आणि गरिबाच्या खासरला हल्या, म्हणजे रेडा. चिखलणीत हल्ल्यासारखा कोणी नाही, ताकदही भरपूर, पण उन्हाळ्यात तापला आणि रस्त्यात बोडी दिसली की गाडीसकट पाण्यात. तुम्ही कासरा ओढत बसा! (हल्ल्याच्या गाडीतून वरात नेऊ नये, हा नियम आमच्याकडे कशावरून पडला ते सांगायला नकोच.)

आजोबा बैल निवडण्यात दर्दी. बाजारात दलालाशी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तो तमाशा आम्ही पोरं डोळे फाडून बघायचो. आधी दात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. मग खूर, मग खांदा. खांद्यावर जुनी जखम असली की आजोबा पुढे सरकायचे. मग हा डावा चालतो की उजवा, कारण वर्षानुवर्षं एका अंगाला चाललेला बैल दुसऱ्या अंगाला जुंपला की बिथरतो. हे सगळं होऊन पसंत पडला तरी पैसे द्यायचे नाहीत. आजोबा म्हणायचे, जोडी घाटावर आणा.

घाटावर भरलेली खासर जुंपायची. चढाची परीक्षा नाहीच, फक्त उताराची.

"ओढते तं कोनताबी बैल. उतारावर थोपते का, थे पाय."

हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. तेव्हा ते म्हाताऱ्याचं तुणतुणं वाटायचं. आता कळतं ते असं. घोड्याच्या साजात मागून एक पट्टा असतो, घोडा त्याच्यावर बसल्यासारखा जोर देऊन गाडी मागे धरतो. आपल्या बैलाला तसलं काही नाही. मानेवर जू, गळ्याखाली जोतं, बस्स. सपाटीला बैल खांद्याने जू पुढे रेटतो. उतारावर गाडीच पुढे ढकलायला लागते, आणि जू खांद्यावरून सरकत शिंगांच्या मागच्या बाजूला येऊन भिडतं. तिथे डोकं वर करून, पाय रोवून, ते सगळं वजन बैलाला थोपवायचं असतं. काही बैल घाबरून पळत सुटतात. ते कितीही ताकदवान असले तरी गेले! ज्या बैलाची छाती मोठी पण काळीज लहान, तो रेंगीला काय, वखराला घ्यायचा.

याशिवाय दोन गोष्टी आजोबा कधी सोडत नसत. एक, गाडी 'उलार' नको. मागे जास्त वजन झालं की गाडीचं तोंड उचलतं, जोतं बैलाच्या गळ्याला खालून लागतं, आणि गाडी मागे डुलायला लागते, ती उलार. पुढे फार जड झाली तर बैलाची मान जाते. म्हणून बसवताना जाड मामीला आखाच्या जरा पुढे, पोरं मागे, पेटारा मधे, अशी चक्क मांडणी असायची. जरासा भार जुवावर राहिला पाहिजे, जरासाच. दुसरी गोष्ट, घाटाशी आलं की गाडी थांबवून "सप्पाई उतरा". नवरी असो, पाहुणा असो, तालुक्याचा साहेब असो. बायका पायी उतरायच्या, चार गडी मागे दोर धरून लटकायचे, चाकाला लाकडाचा दांडा घासेल असा दोराने आवळायचा, आणि मग रिकामी गाडी हळूहळू खाली.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या ट्रेलरशी याचा संबंध काय? जरा थांबा. आधी विलायतेत जाऊन येऊ.

१८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश माणसाने हौसेखातर चाकांवरचं घर घेऊन भटकंती केली. हा गडी आरमारात डॉक्टर होता, नंतर पोरांसाठी साहसाच्या गोष्टी लिहायला लागला. भटक्या जिप्सी लोकांच्या गाड्या बघून त्याने ब्रिस्टलच्या एका वाघिणी बनवणाऱ्या कारखान्याकडून सुमारे अठरा फुटांची उत्तम लाकडाची गाडी करून घेतली, नाव ठेवलं 'वाँडरर'. सामानासकट वजन दोन टनांच्या आसपास. ओढायला दोन घोडे, कॉर्नफ्लॉवर आणि पी-ब्लॉसम. (नावं बघा! आमच्याकडे ढवळ्या-पवळ्या.) इंग्लंडच्या दक्षिणेतून निघून तो स्कॉटलंडात इनव्हर्नेसपर्यंत पोचला. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जायचा, अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत असेल तर सांगायला. हौसेच्या कॅरव्हानची सुरुवात सहसा या प्रवासापासून धरतात. १९०७ मध्ये तिकडे कॅरव्हान क्लब निघाला आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे बांधायच्या कॅरव्हान विकायला काढल्या.

पण घोड्यांच्या काळातही जड गाड्यांची खरी काळजी चढाची नव्हतीच. चढावर फार तर घोडे थांबतील, आणखी दोन जोडता येतील. उतारासाठी मात्र मागच्या चाकाखाली लोखंडी जोडा सरकवायची पद्धत होती, साखळीला बांधलेला. चाक फिरायचं बंद होऊन त्या जोड्यावर घसरत यायचं. आमच्या घाटावरचा लाकडी दांडा आणि तो लोखंडी जोडा, एकाच अकलेची दोन पोरं.

रेल्वेला ही अक्कल जरा उशिरा आली, तीही माणसं मेल्यावर. आम्ही गोंदियाची माणसं, जंक्शनच्या जिल्ह्यात वाढलेली, रेल्वेचा विषय निघाल्यावर गप्प बसणं अवघड. १८८० च्या दशकात नागपूरकडून छत्तीसगडकडे लोहमार्ग टाकला जात होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडकली. इंजिनाला पूर्ण गाडी ओढवेना म्हणून ती तोडून पुढचे काही डबे पुढे न्यायचं ठरलं. मागे सोडलेले डबे थोपवायला फक्त गार्डच्या डब्याचा ब्रेक. तो पुरला नाही. डबे उतारावरून मागे सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण गेले, त्यात पुष्कळ मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला की प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला सलग ब्रेक हवा, आणि डबे सुटले तर तो आपोआप लागला पाहिजे. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक १८६९ पासून होता, पण खर्च कोण करणार! ओढणाऱ्याच्या एकट्याच्या भरवशावर ओझं सोडायचं नाही, ओझ्यालाही स्वतःचा ब्रेक हवा, एवढं समजायला तेवढी मुलं जावी लागली.

असो. आता आमचा घाट.

आमच्या वडिलांनी १९८१ साली बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. त्याच्यासोबत दोन चाकांची ट्रॉली. गावभर पेढे वाटले. दोनेक वर्षांत बैलांची एक जोडी विकली, मग रेंगी गोठ्यामागे उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. ट्रॅक्टरने सगळ्यात मोठा बदल काय केला असेल तर 'ओढेल का' हा प्रश्नच संपवला. पस्तीस घोड्यांची ताकद, काहीही ओढायचा. धानाची पोती ओढतो, विटा ओढतो, मग माणसं का नाही? मंडईला ट्रॉली, महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला ट्रॉली, वरातीला ट्रॉली. खाली तणस, वर सतरंजी, त्यावर पस्तीस-चाळीस माणसं. जाड मामी कुठे बसते हे बघायची गरज उरली नाही.

यंत्राचं मात्र असं आहे. शेतीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्यांची पायटं दोन वेगळी, डावं आणि उजवं, कारण शेतात धुऱ्याशी चटकन वळायला एकाच बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. रस्त्यावर येताना ती दोन्ही पायटं एका कडीने जोडायची असतात. आणि ट्रॉलीला ब्रेक नसायचाच. आजही बहुतेक ट्रॉल्यांना नसतो. म्हणजे पावणेदोन-दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे तीन टनांची ट्रॉली, माणसांसकट. सपाटीला राजा. उतारावर मागचं ओझं पुढच्याला ढकलतं, बैलाच्या शिंगांवर येणाऱ्या जुवासारखं. फक्त ट्रॅक्टरला डोकं वर करून पाय रोवता येत नाहीत.

१९८४ च्या मे महिन्यात नदीपलीकडे लग्न होतं. ट्रॅक्टर मी चालवत होतो. वय तेवीस, गॉगल घातलेला. आदल्या दिवशी शेतात नांगरट केली होती. अलीकडच्या घाटाशी आलो तेव्हा ट्रॉलीत बसलेल्या आजोबांनी आवाज दिला, "थांबव. सप्पाई उतरा."

मी थांबवला नाही. मागे वळून म्हणालो, "आजा, हा बैल नोहे. बसून राहा."

सगळे हसले. मी पण हसलो. उतार लागल्यावर वेग वाढला तसा मी ब्रेक दाबला. एकच पायट खाली गेलं. नांगरट करून आल्यावर कडी लावलीच नव्हती. ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडे वळलं, मागून ट्रॉली तशीच पुढे रेटत आली, आणि कलंडली. बाकीचे तणसासकट वाळूत पडले, खरचटण्यावर निभावलं. आत्याबाई खाली सापडली. मांडीचं हाड मोडलं. तेव्हा ती चाळीशीची होती. त्यानंतर पस्तीस वर्षं ती काठी घेऊन चालली.

आमच्या घरात ही गोष्ट 'ब्रेक फेल झाला होता' अशी सांगितली जाते. तुम्ही सगळ्यांनी तशीच ऐकली आहे. पहिल्यांदा ती मीच तशी सांगितली, तिथे वाळूत उभं राहून. ब्रेक फेल झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्याने दोन्ही पायटं एकेक करून दाबून बघितली, लटकत असलेली कडी उचलून बसवली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि वडिलांना म्हणाला, "आता ठीक आहे." बस्स. तो बोलला नाही, मी बोललो नाही. आजोबांना कळलं असावं. त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही, पण पुढच्या लग्नात ते आमच्याआधी पायी निघून घाटाच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे होते. सगळे उतरल्याशिवाय ट्रॅक्टर पुढे जाऊ दिला नाही. मला उतरवून ट्रॅक्टर दुसऱ्याला द्या म्हणाले नाहीत, हे मात्र मला आजही आठवतं. ते १९९१ साली गेले. आत्याबाई २०१९ मध्ये. तिला सांगायचं राहिलं.

हे वाचून कोणाला वाटेल की जुनी गोष्ट, आता कुठे असं होतं. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली उलटून पाण्यात पडली, पंचवीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यानंतर तिथल्या सरकारने ट्रॉलीतून माणसं नेऊ नका असं आवाहन केलं. आपल्याकडे ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावजवळ मजूर बायकांची ट्रॉली विहिरीत पडली, सात जणी गेल्या. प्रत्येक अपघाताचं कारण निराळं असेल, ते तपासणाऱ्यांनी सांगावं. पण या दोन्ही बातम्या वाचल्या तेव्हा मी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि चहा तसाच राहिला.

तर आता पुतण्याचा ट्रेलर. रात्रभर मी त्यावर जे वाचलं त्यात सगळ्यात मजेशीर एक फोटो सापडला. १९४७ सालचा. एअरस्ट्रीम ही अमेरिकेतली नामांकित ट्रेलर कंपनी, चकचकीत ॲल्युमिनियमचे गोल पाठीचे ट्रेलर बनवणारी. त्यांनी आल्फ्रेड लेतूर्नर नावाच्या फ्रेंच सायकलपटूला आपला ट्रेलर सायकलला बांधून ओढायला लावला. हो, सायकलला! साधा सायकलपटू नव्हे म्हणा, १९४१ मध्ये मोटारीच्या आडोशाने त्याने ताशी १०८ मैलांच्या वर सायकल चालवली होती. ट्रेलर किती हलका आहे हे दाखवायला ती जाहिरात होती, इतकी गाजली की कंपनीने तिचंच बोधचिन्ह केलं. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. सपाट रस्त्यावर एक माणूस पायांनी घर ओढतोय. खोटं नाही, खरंच ओढलं त्याने. पण त्याला कोणी घाटावर नेलं नाही.

विकणारा जो आकडा सांगतो तो असाच सायकलवाला आकडा असतो. कित्येक वर्षं अमेरिकेत प्रत्येक मोटार कंपनी आपल्या गाडीची ओढायची क्षमता आपल्याच पद्धतीने मोजून छापायची. मग तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेने २००८ मध्ये एक समान कसोटी ठरवली, जे-२८०७ नावाची. टोयोटाने ती सगळ्यात आधी, २०११ च्या मॉडेलांपासून, लावली, बाकीच्यांनी मागाहून. ही कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या अकरा-साडेअकरा मैलांच्या चढावरून ठरवली आहे. भर उन्हात, एसी पूर्ण चालू, आणि वेग ठरल्याच्या खाली जायचा नाही. त्याच कसोटीत ब्रेक, वळण, डुलणं, हेही तपासतात. वाचताना मला राहून राहून रुमालाखालची बोटं आणि "जोडी घाटावर आणा" आठवत होतं.

आणि उलार! ट्रेलरच्या नाकाचं, म्हणजे जोडणीवरचं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं असं तिकडची सगळी पुस्तकं सांगतात. त्याहून कमी झालं की वेगात ट्रेलर मागे डुलायला लागतो आणि पुढच्या गाडीला शेपटीसारखं हलवतो. जास्त झालं की गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. जाड मामी आखाच्या जरा पुढे. आजोबांना टक्के माहीत नव्हते, एवढंच.

सकाळी भावाला फोन करून म्हटलं, कागद-पेन घे आणि पोराला शेजारी बसव. गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा, आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. पुतण्याने वाचलं, सुमारे ५९० किलो. मग ट्रेलर. २१५० किलो हे रिकाम्याचं वजन. पाण्याची टाकी, गॅसचे नळकांडे, बॅटरी, भांडी, अंथरुणं, आणि आमची सून आहे म्हणजे पोहे-पापड-लोणच्यांचे डबे धरून (या बाबतीत मी अनुभवाने बोलतोय) तो २८०० च्या घरात जाणार. म्हणजे ५००० पौंडांची हद्द तिथेच ओलांडली. पण समजा ओलांडली नसती, तरी नाकावरचं वजन साडेबारा टक्क्यांनी ३५० किलो, ते गाडीवरच पडणार. त्यात सहा माणसं, सुमारे ३७०. झाले ७२०. चिठ्ठी म्हणते ५९०.

पलीकडे शांतता. मग पुतण्याचा आवाज आला, "पण मोठे बाबा, सगळे म्हणतात की इंजिन दमदार आहे."

"बेटा, इंजिन ओढेल. थोपेल का ते सांग."

मग त्याला थोडं समजावलं. इंग्लंडातले कॅरव्हानवाले नवशिक्याला सांगतात की कॅरव्हानचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नको. अमेरिकेत इतकं कडक कोणी पाळत नाही, तिथे बहुतेक राज्यांत ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात आणि ते गाडीतून चालवायला वेगळं यंत्र बसवतात. ते बसवलंच पाहिजे. गाडी लांब चाकपट्ट्याची, स्वतः वजनदार, शक्य तर शिडीसारख्या चौकटीवरची, म्हणजे पिकअप ट्रक किंवा तशा बांधणीची मोठी एसयूव्ही. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, आधीच खालचा गिअर टाकायचा, कारण सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. त्याच्या रस्त्यावर, कोलोराडोच्या पहाडातून जाणाऱ्या आय-७० वर, ब्रेक गेलेले ट्रक घुसवायला बाजूला खडीचे चढाचे रस्तेच करून ठेवलेत. ते काही शोभेला नाहीत.

मला वाटलं पोरगा म्हणेल, गावात बसून हे काय सांगतात. तसं नाही झालं. त्याने विचारलं, "मोठे बाबा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

तेव्हा मी त्याला १९८४ ची गोष्ट सांगितली. कडीसकट. भाऊ ऐकत होता. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता, ट्रॉलीत आत्याबाईच्या शेजारी बसलेला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, "मले माहीत होतं भाऊ. आजाने सांगितलं होतं. तुले विचारायचं नाही म्हणून बी सांगितलं होतं."

चाळीस वर्षं! मी फोन ठेवला आणि गोठ्याकडे गेलो. रेंगी आता नाही, तिची फक्त एक धाव, चाकाची लोखंडी कडी, भिंतीला टेकून आहे.

महिन्याभराने पुतण्याने निर्णय कळवला. चोवीस फुटी रद्द. सतरा फुटांचा, भरल्यावर १६०० किलोंच्या आत राहणारा ट्रेलर घेतला, नाकावर दोनशेच्या आसपास, त्यामुळे दारातलीच गाडी चालली. ब्रेकचं यंत्र बसवून घेतलं. सहा माणसं त्यात झोपत नाहीत, म्हणून भाऊ आणि नातू बाहेर तंबूत. भाऊ तक्रार करतोय, पण फार नाही.

काल फोटो आला. पहाडी रस्ता, मागे बर्फाचे डोंगर, छोटासा पांढरा ट्रेलर, नाक जरासं खाली, म्हणजे बरोबर. बारीक बघितल्यावर ट्रेलरच्या मागे रस्त्याच्या कडेने एक माणूस टोपी घालून चालताना दिसतो. पुतण्याने खाली लिहिलंय, 'तंबूच्या जागेकडे उतार होता, बाबा उतरून पायी आले. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, ऐकत नाहीत.'